संवत्सरीचा कोरा रकाना

तळोद्याच्या बाजारपेठेत तारादेवींचा शब्द मोडण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. एका निनावी माणसाने मात्र ती दाखवली होती. नात एकता हिने नाशिकला वकिली शिकावी, हा त्यांचा हुकूम. आणि गेले बारा दिवस एकताच्या फोनवर अनोळखी नंबरावरून धमक्या येत होत्या, की सोमवारी कॉलेजात हजर झालीस तर तुझे फोटो गावभर करीन. आज शनिवार उजाडला होता आणि मुलगी जायलाच नको म्हणू लागली होती.

"तसले फोटो आहेत?" तारादेवींनी सरळ विचारले.

"नाहीत, दादी. पण हल्ली खोटे बनवता येतात."

धमक्यांत निळ्या बॅगेचा उल्लेख होता, बसची वेळही होती. म्हणजे पाणी घरातच मुरत होते. तारादेवी पापड लाटायला येणाऱ्या बाईकडेसुद्धा संशयाने पाहू लागल्या.

"मी कोणाचं नाव घेत नाही, बाई," एकताचे वडील गौतमचंद आपल्या आईला, तारादेवींना, म्हणाले, "पण तिकीट योहानने काढलं. एकताचा फोनही त्यानेच सुरू करून दिला."

योहान नवापूरकडचा, सात वर्षे त्यांच्या दुकानात कामाला. बोलावताच त्याने आपला फोन तारादेवींपुढे ठेवला. "दखी ल्या, शेठाणी. पोलिसले बी दखाडा. पण मन्हं नाव आसं हवेत सोडू नका."

"पोलीस कशाला? उगाच बोभाटा," गौतमचंद घाईने म्हणाले.

ती घाई तारादेवींना खटकली. त्यांनी कागद ओढला, तिथींचे बारा रकाने आखले आणि एकताला प्रत्येक धमकीचा दिवस आणि वेळ वाचायला सांगितली. कुठे दोन फुल्या पडल्या, कुठे तीन. संवत्सरीचा, म्हणजे पर्युषणाच्या शेवटच्या, क्षमा मागायच्या दिवसाचा रकाना तेवढा कोरा राहिला.

"त्या दिवशी दुकान बंद होतं. तू कुठे होतास, योहान?"

"घर, नवापूरले. काम ना धंदा, दिनभर फोनच दखत व्हतू."

योहानच्या हातात दिवसभर फोन होता; धमकी पाठवायला त्याला त्या दिवशी कोणी अडवले नव्हते. अडलेला एकच होता. संवत्सरीला गौतमचंदांनी पौषध घेतला होता, म्हणजे संसार बाजूला ठेवून अख्खा दिवस-रात्र साधूसारखे जैन स्थानकात राहणे. निघताना त्यांनी आपला फोन आईच्याच हाती दिला होता आणि तारादेवींनी तो कपाटात कुलूपबंद केला होता. दुसऱ्या दिवशी पारण्याच्या आधीच त्यांनी तो मागून घेतला. कागदावर त्या दुसऱ्या दिवसाची पहिली फुली सकाळी पावणेआठची होती.

योहानवर आळ ढकलून घराण्याची लाज झाकणे सोपे होते. तो विचार तारादेवींच्या मनाला शिवून गेला, आणि त्यांना स्वतःचाच राग आला.

"गौतम, तुझा फोन दे."

गौतमचंदांचा हात खिशाशी गेला आणि तिथेच थांबला.

"स्वतःच्या लेकीला भिववलंस?"

"तिला एकटीला धाडायची मलाच भीती वाटते, बाई." पन्नाशीचा मुलगा म्हणाला. "फोटो कुठले, दुसऱ्या सिमवरून नुसता धाक दाखवला. तुम्ही हुकूम सोडलात. मग मी नाही कोणापुढे म्हणू? या घरात तुम्हांला कोणी कधी नाही म्हटलंय?"

तारादेवींना असे तोंडावर फार वर्षांत कोणी बोलले नव्हते.

"आधी योहानची क्षमा माग," त्या म्हणाल्या.

गौतमचंदांनी हात जोडले. योहानने आपला फोन उचलून खिशात घातला. "नाव मघाशी लिधं, शेठ. माफी आते मांगी. मधला येळ मी चोर व्हतू, त्यानं काय?" एवढे बोलून तो दुकानाकडे वळला.

"आता तुझं 'नाही' काय ते म्हण, गौतम. तिच्या तोंडावर."

"नको जाऊस, एकता," गौतमचंद म्हणाले.

"मी जाणार, पप्पा."

गौतमचंदांनी सवयीने आईकडे पाहिले.

"माझ्याकडे पाहू नकोस," तारादेवी म्हणाल्या. "तिच्याशी बोल."