आतून घासलेलं पातेलं

सखुबाईंनी फडक्याची गाठ सोडली आणि पितळी पातेलं डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवलं. त्यांची नात हर्षाली अकरा महिन्यांची. पोट फुगून टणक झालेलं, डोळे पिवळे. रक्त तपासून झालं होतं, सुईने यकृताचा तुकडाही काढून झाला होता. बाळाचं दूध ज्यात तापतं ते भांडं आणा, असं काल बाईंनी सांगितलं, म्हणून मखमलाबादहून पहिल्या बसने ते आलं होतं.

बाईंनी पातेलं उजेडाकडे तिरपं केलं. आत कल्हईचा मागमूस नव्हता. तळ लखलखत होता. पितळेत तांबं असतं, त्या म्हणाल्या, कल्हई गेली की ते दुधात उतरतं आणि तान्ह्या मुलाच्या यकृतात साठत जातं. हेच एक कारण असेल असं नाही, काही घरांत रक्तातही दोष असतो. तांबं बाहेर काढायचं औषध आजपासून सुरू करू, पण उशीर झालाय, खात्री देता येणार नाही.

दोन वर्षांपूर्वी हर्षालीचा थोरला भाऊ साईसुद्धा असाच पिवळा पडून गेला होता. त्यालाही वरचं दूध याच पातेल्यातलं. तेव्हा सखुबाईंनी सुनेच्या अंगावरच्या दुधाला दोष दिला, आणि हर्षालीला तर दुसऱ्याच महिन्यात गाईच्या दुधावर घातलं.

बाजूला बसलेली सून मैना त्या लखलखत्या तळाकडे बघत होती. लग्न होऊन आली तेव्हा सासूने शेजारणींसमोर तिच्या भांड्यांना नावं ठेवली होती. ते तिला इतकं लागलं, की तेव्हापासून ती रोज चिंच-राख घेऊन पातेलं आतूनबाहेरून घासायची. तिचे दोन्ही अंगठे भेगाळलेले असत. सखुबाईंनी चार वर्षांत त्या पातेल्याला घासणी लावली नव्हती.

"आतून इतकं कोण घासतं?" बाईंनी विचारलं.

"मी," सखुबाई म्हणाल्या. "मला लय खोड हाय घासायची."

मैनाचा नवरा शेखर आईकडे बघत राहिला. घरात भांडी कोण घासतं, हे बघायची गरज त्याला कधी पडली नव्हती.

"आई, दोन लेकरं गं," एवढंच तो म्हणाला आणि बाहेर निघून गेला.

मैनाने तोंड उघडलं. सखुबाईंनी हर्षालीला खाटेवरून उचलून तिच्या मांडीवर दिलं आणि दुपट्याचं टोक सुनेच्या अंगठ्यांवर ओढलं.

"काय बोलू नको आता," त्या म्हणाल्या. "पोर झोपलीय."

हर्षाली टक्क जागी होती.