दगडाबाईची दृष्ट

"एवढं गोजिरं बाळ, अन् नाव दगडाबाई? कुणी ठेवलं हो असलं नाव?"

द्वारकानं विचारलं, तेही अख्ख्या खोलीला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात. पैज मैत्रिणींनी लावली होती, "भाषणात पहिली आलीस ना? मग विचार की!" नववीच्या या पोरी शाळेत विणलेली लोकरीची टोपडी वाटायला दवाखान्यात आल्या होत्या. अशक्त बाळं अन् त्यांच्या आया वजन भरेपर्यंत या खोलीत राहायच्या. मैत्रिणी दारात तोंडावर हात धरून खिदळत होत्या.

बाळाची आई मंजुळा, पाचोडकडच्या मेंढपाळाची सून. तिनं झटक्यात पदर ओढून बाळ झाकलं.

बोलली ती शेजारच्या खाटेवर नातवाला घेऊन बसलेली आवडाबाई. "आधीची दोन गेली तिची, पोरी. दगडाला कुणाची नजर लागत नाय, म्हणून ठेवलं नाव. अन् तू भरल्या खोलीत गोजिरी म्हणून मोकळी झालीस!"

खिदळणं थांबलं. द्वारकाचे कान तापले. ज्या आवाजाचा तिला एवढा तोरा, तो आता फुटेचना. तिनं टोपडं खाटेवर ठेवलं; मंजुळानं ते बोटानं दूर सारलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती एकटीच गेली. मंजुळाची खाट रिकामी होती.

"सकाळीच गेली, कुणाचं ऐकलं नाही," सिस्टर म्हणाल्या. "दृष्ट लागली म्हणते. लेकरू आत्ता कुठं दूध ओढायला लागलं होतं. घरी हे बी हातचं जाईल. उद्या जाते मी, बघते समजावून."

"समजावून नाय यायची ती," आवडाबाई म्हणाली. "दृष्ट उतरल्याबिगर नाय. अन् जिची लागली, तिच्या पायाखालची माती लागते त्याला."

द्वारका आपल्या चपलांकडे बघत राहिली.

"सिस्टर, मी येऊ?"

"तू? शिव्या खाशील गं."

"खाईन."

"घरी विचार आधी."

घरी आई द्वारकाच्या उद्याच्या, भाषणात पहिली आल्याबद्दलच्या सत्काराच्या कपड्यांना इस्त्री करत होती. अप्पा शेजाऱ्यांना आमंत्रण देऊन नुकतेच आले होते. द्वारकानं खाली मान घालून सगळं सांगितलं.

"आपल्या पोरीनं?" अप्पा आईकडे बघत म्हणाले. आईनं नजर चुकवली.

"व्हय अप्पा, मीच. अन् विचारत नाय, सांगतेय. उद्या सत्काराला मी जाणार नाय. सिस्टरसंग पाचोडला जाणार. साऱ्या वस्तीपुढं उभी राहून मंजुळावहिनींना माझ्या पायाखालची माती घेऊ देणार, अन् लेकराला घेऊन दवाखान्यात परत चला म्हणून त्यांच्या पाया पडणार."