पिंगळीच्या फाटकावरची पहिली जागा

पिंगळीचं रेल्वे फाटक उघडल्यावर सगळ्यांत आधी सुटण्यात व्यंकटरावांचा नफा मोठा होता. मागच्यांनी त्यांची धूळ खायची, त्यांनी कुणाचीच नाही. गाडीवान, सायकलवाले, जीपवाले, सगळे पुढची जागा त्यांच्या आठ सिलिंडरच्या अमेरिकन मोटारीसाठी मोकळी सोडत. हैदराबादच्या कुण्या नवाबाकडून वडिलांनी घेतलेली ती मोटार तिशी ओलांडून गेली होती, पण तिच्या पुढं जायची कुणाची छाती नव्हती.

एकोणनव्वद साली सत्यशीलाची मारुती आली. सत्यशीला पालमला डॉक्टर. तिचा बाप लिंबाजी व्यंकटरावांच्या शेतात राबलेला. थंडीच्या दिवसांत ही मोटार सुरू व्हायची ती त्याच्याच धक्क्यानं. मारुती पहिल्यांदा शेजारी उभी राहिली तेव्हा व्यंकटराव ड्रायव्हर आश्रुबाला म्हणाले, "साबणाची डबी दिसायलीय." फाटक उघडलं. साबणाची डबी निघून गेली आणि व्यंकटरावांच्या मिशीवर धूळ बसली.

त्या दिवसापासून त्यांना भाकर गोड लागेना. लिंबाजीची पोर, अन् आपल्या पुढं? पोरीला शर्यत लागलीय हेच ठाऊक नव्हतं. जळायचं काम हे एकटेच बघत होते. त्यांनी स्टेपनी उतरवली, डिकी रिकामी केली. तरी मारुतीच पुढं.

पुढच्या गुरुवारी बाजाराला जाताना पुन्हा फाटक लागलं, पुन्हा मारुती शेजारी. व्यंकटरावांनी मागं वळून बायकोला सांगितलं, "उतरा जरा."

"कामून?"

"वजन कमी करायचंय. फाटकापलीकडं थांबतो की."

कस्तुराबाई पदर सावरत उतरल्या. सत्यशीलानं काच खाली केली. "काकू, उन्हात कामून उतरल्या?"

"यांच्या मोटारीला मी जड झाले, बाई."

"मग माझ्यात बसा की. परभणीलाच चाललेय."

कस्तुराबाई खरंच बसल्या. आश्रुबा हळूच म्हणाला, "आता जमतंय, मालक. वजन तिकडं गेलं."

रेल्वे गेली, फाटक वर झालं. अमेरिकन मोटार गरजली, हादरली, काळा धूर सोडून मग हलली. तोवर मारुती रूळ ओलांडून गेली होती.

"दाब की रे!"

"पार तळाला टेकलाय पाय, मालक!"

मारुतीच्या मागच्या काचेतून कस्तुराबाईंनी एकदा वळून बघितलं. हसल्या का, ते धुळीनं दिसू दिलं नाही. घरी आल्यावर एवढंच बोलल्या, "लय आरामात गेले बाई. कुठं दचका न्हाई."

मोटारीला दोष द्यावा तर तो वडिलांना लागतो. बायकोला द्यावा तर रात्रीचं ताट कोण वाढणार? दिवेलागणीला व्यंकटरावांनी आश्रुबापुढं हात केला. "किल्ली आण. तुझा पाय थंड पडलाय."

सत्यशीलाला यातलं काही कळलंही नाही. कस्तुराबाईंचा बाजार वेळेत झाला. व्यंकटरावांच्या अंगावरची धूळ एका आंघोळीत गेली. बावीस वर्षांची नोकरी गेली, ती आश्रुबाची.