गादीच्या दुकानातलं ग्राफिक्स कार्ड

मित्रांनो, मी एक जुनं ग्राफिक्स कार्ड आहे. हिरव्या पाटीचं, तळहाताहून जरा मोठं. अंगावर ॲल्युमिनियमची जाळी आणि त्या जाळीवर एक इवलासा पंखा. कॉम्प्युटरच्या पडद्यावर जे पळतं, उडतं, चमकतं, ते रेखाटून दाखवणं हे माझं काम. या कामात अंग फार तापतं. जाळी ती उष्णता ओढून घेते आणि पंखा तिला बाहेर हाकलतो. पंखा थांबला की माझं सारंच थांबतं.

माझा जन्म तैवानच्या एका कारखान्यात झाला. तिथून जहाजाने मी मुंबईला आलो आणि मुंबईहून बीडला. तो काळ मोठा उत्साहाचा होता. चौकाचौकात एसटीडीचे पिवळे बूथ उभे राहिले होते, घरांवर केबलच्या तारा लोंबत होत्या आणि जो तो ‘कॉम्प्युटर शिकलं पाहिजे’ असं म्हणत होता. बीडला कॉम्प्युटरचा कोर्स केलेली रुद्राणी नावाची एक मुलगी मला कॉम्प्युटरच्या पेटीत बसवून तिच्या गावी, नेकनूरला घेऊन गेली. एसटीत तिने ती पेटी मांडीवर धरली होती. खड्डा आला की ती पेटी अलगद वर उचलायची. इतक्या मायेने मला आजवर कुणी धरलं नव्हतं.

तिचे वडील कल्याणराव यांचं गाद्यांचं दुकान होतं. मागच्या खोलीत कापूस पिंजायचं यंत्र घरघरायचं आणि पुढच्या खोलीत शिवलेल्या गाद्या रचलेल्या असायच्या. त्यातली अर्धी खोली रुद्राणीने हट्टाने मागून घेतली आणि बाहेर पाटी लावली, ‘रुद्राणी कॉम्प्युटर सेंटर’. सकाळी टायपिंगचे क्लास, दुपारी गेम. आई गंगासागर यांनी पेटीला हळदीकुंकू वाहिलं, तिला भिंतीतल्या कोनाड्यात बसवलं आणि धूळ बसू नये म्हणून जाड कापडाचं छानसं अंगडं शिवून घातलं. मी तर हुरळूनच गेलो!

एका बाजाराच्या दिवशी शहादेव नावाचे गृहस्थ गादी घ्यायला आले. ते मांजरसुंब्याचे. वीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस, पण घाटात ट्रक उलटला आणि उजवा पाय गुडघ्यात कायमचा ताठला. तेव्हापासून ते एका ढाब्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघत दिवस काढत होते. पडद्यावर मोटारींची शर्यत चालू होती. ते गादी विसरले आणि बघतच राहिले.

“ताई, ही गाडी मला चालवता यील का?”

“या की काका, बसा. हे बाण दाबायचे. ह्यानं डावीकडं, ह्यानं उजवीकडं.”

मित्रांनो, त्यांनी ती गाडी काय चालवली! बाकीची पोरं भरधाव सुटायची आणि चार मिनिटांत दरीत जायची. शहादेवकाका वळण ओळखून वेग कमी करायचे आणि ताठ पायाने खालच्या फरशीवर ब्रेक दाबायचे. डोंगर मी रेखाटत होतो, पण त्यातला रस्ता त्यांनाच जास्त कळत होता. त्या दिवसापासून ते दर बाजाराला एसटीने येऊ लागले. लांबच्या शर्यतीत पहिलं यायचं, हा त्यांनी ध्यासच घेतला.

आणि नेमकी तेव्हाच माझी तब्येत बिघडली. शर्यत अर्ध्यावर आली की माझं अंग भाजून निघे. पडद्यावर हिरवे-जांभळे ठिपके नाचू लागत आणि सगळं चित्र जागच्या जागी थिजे. असं एकदा झालं, दोनदा झालं. रुद्राणीने स्टॅबिलायझर बदलला, गेम काढून पुन्हा घातला. बीडच्या विक्रेत्याला फोन केला, तर तो म्हणाला, “कार्ड जळालंय, नवीन घ्या.” मी जळालो नव्हतो, पण हे सांगू कुणाला?

तिसऱ्यांदा पडदा थिजला तेव्हा शहादेवकाका हळूच उठले. “ताई, माझ्या हातालाच यश न्हाई. मी बसलो की गाडी बंद पडती. मी आता येत न्हाई.”

कल्याणराव दारात उभे होते. ते म्हणाले, “बाई, आठ दिवस बघ. न्हाई जमलं तर ही पेटी दिऊन टाकू अन् हितं गाद्या रचू.”

रुद्राणीचे डोळे भरून आले. पण ती पडद्याकडे बघत विचार करत राहिली आणि एकदम ओरडली, “काका, थांबा! सकाळी टायपिंगला हे कधीच बंद पडत न्हाई. पोरं खेळतात तवाबी न्हाई. कावून? कारण ती चार मिनिटांत दरीत पडतात. तुमी पंधरा-पंधरा मिनिटं गाडी पळवता. तुमी चांगली चालवता म्हणून हे तापतंय!”

शहादेवकाका दारातून परत फिरले. त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू फुटलं, ते मला रेखाटता आलं नसतं. “तापतंय म्हणती?” ते म्हणाले. “मग ही आमच्या धंद्यातली गोष्ट हाय. घाटात इंजिन तापलं तर आदी रेडिएटर बघायचा अन् मग पंखा.”

रुद्राणीने आधी खात्री करायची ठरवली. तिने अंगडं काढलं, पेटी कोनाड्यातून टेबलावर आणली, बाजूचं झाकण उघडलं आणि समोर टेबलफॅन लावला. काकांना गेम खेळायला बसवलं. या वेळी पंधराऐवजी पंचवीस मिनिटांनी पडदा थिजला. वारा लागताच मी जास्त टिकलो, म्हणजे रोग सापडला होता. तिने बटण बंद केलं, प्लग काढला, मी निवेपर्यंत वाट पाहिली आणि मग मला अलगद बाहेर काढलं.

“अगं बया!” गंगासागर तोंडाला पदर लावून हसू लागल्या. “ह्याच्यात तर गादीच भरलीय!”

खरंच होतं ते. पिंजणयंत्रातून उडालेला कापूस माझ्या जाळीत गच्च बसला होता आणि त्याच तंतूंनी पंख्याला करकचून आवळलं होतं. काकांनी रंगाच्या मऊ ब्रशने एकेक फट मोकळी केली. पंखा तरीही अडखळत फिरे. तेव्हा गंगासागर यांनी शिलाई मशीनच्या तेलाची कुपी आणली. पंख्याच्या मधोमध चिकटवलेला कागद उचलून रुद्राणीने आत एकच थेंब सोडला. मग माझी उष्णता जाळीपर्यंत पोचवणारी, बीडहून आणून ठेवलेली पांढरी पेस्ट तिने जाळीखाली पातळ लावली. जुनी पेस्ट पार वाळून खडू झाली होती. संध्याकाळी कल्याणरावांनी गादीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचा पडदा स्वतः शिवला आणि पिंजणखोलीच्या दारावर ठोकला.

“कापूस आमचा होता,” ते लेकीला एवढंच म्हणाले.

पुढच्या बाजाराला खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. गादीच्या गिऱ्हाइकांनी दाटी केली होती. शहादेवकाका बसले. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, पंचवीसही उलटली. माझा पंखा भिंगरीसारखा फिरत होता आणि मी डोंगरामागून डोंगर रेखाटत होतो. शेवटच्या वळणावर लाल गाडी आडवी आली. काकांनी फरशी दाबली, गाडी डाव्या अंगाने काढली आणि सर्वांत पुढे जाऊन रेघ ओलांडली!

केवढा गलका झाला! कल्याणरावांनी काकांना मिठीच मारली. काका मात्र रुद्राणीला म्हणाले, “ताई, आजून एकडाव?”

त्या दोघांचं नाव झालं. नांदूरघाटच्या सेंटरचा कॉम्प्युटर असाच गरम होत होता, तिथून बोलावणं आलं. रुद्राणी आणि काका ब्रश, तेल आणि पेस्ट घेऊन एसटीने गेले आणि तो सुरू करून आले. मग आणखी गावं आली. ढाब्यावर नुसता बसून राहणारा तो माणूस ‘शहादेव मेस्त्री’ म्हणून ओळखला जाऊ लागला. माझ्या आजारपणाला एवढं गोड फळ येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

पुढे नवी, जोरकस कार्डं आली आणि माझी जागा त्यांनी घेतली. मला त्याचं दुःख नाही. रुद्राणीच्या क्लासमध्ये मी आता मुलांच्या हातांतून फिरतो. ती मला त्यांच्या तळहातावर ठेवते आणि पंखा बोटाने फिरवून दाखवते.

तर मित्रांनो, माझं एक मागणं आहे. आम्हाला कोनाड्यात कोंडू नका, कितीही सुंदर असलं तरी अंगडं घालू नका. अधूनमधून प्लग काढून झाकण उघडा आणि फुंकर, ब्रश, जे असेल त्याने आमचा श्वास मोकळा करा. आणि चालतं यंत्र अचानक थांबलं, तर त्याला जळालं म्हणून टाकून देण्याआधी जरा हात लावून बघा. कदाचित ते बिचारं तुमच्यासाठी जीव तोडून पळत असेल!