सकूची साक्ष

जव्हारच्या वकिलांनी मेंदूची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि सकूला बोटाने दाखवलं. राग आवरणारा भाग तिच्या मुलाच्या, जिवाच्या मेंदूत कमजोर आहे म्हणे. त्यात जिवाच्या आजाने तरुणपणी एकाचा जीव घेतलेला, म्हणजे हे रक्तातूनच आलेलं. कोर्टात सकूने तेवढं सांगितलं तर जन्मठेप टळण्याची आशा होती.

सकूला ते नवीन नव्हतं. लहानपणी जिवा पोरांची डोकी फोडायचा, तेव्हा सूर्यमाळचा अख्खा पाडा हेच म्हणायचा, आजावर गेलाय. सकूही म्हणायची आणि वर त्याला जवळ घेऊन भाकर द्यायची. मग गेल्या उन्हाळ्यात टँकर विहिरीत पाणी ओतून गेला, हंड्यावरून बाचाबाची झाली आणि जिवाने पाड्यातल्याच सोम्याला कोयत्याने ठार मारलं. हे सांगायला डॉक्टरांना निदान यंत्र तरी लागलं, पाड्याला तेही लागलं नव्हतं.

"सांगन साहेब," सकू म्हणाली. पोरगा जन्मठेपेतून सुटणार म्हटल्यावर आई दुसरं काय म्हणणार?

तिची सून, जिवाची बायको रंजना दाराशी बसली होती. तिला सातवा महिना. पोटावर हात ठेवून तिने विचारलं, "मंग ह्याच्यात पन तेच रक्त आलं का?"

वकील भले माणूस. त्यांनी फिल्म पाकिटात घातली आणि खटल्याशी त्याचा संबंध नाही म्हणाले.

परतीच्या एसटीत सकूला ते न जन्मलेलं पोर दिसत होतं. ते कधीतरी रागाने दगड उचलेल आणि सगळा पाडा एकमेकांकडे बघेल.

पालघरच्या कोर्टात वकिलांनी विचारलं, "तुमच्या सासऱ्यांनी खून केला होता?"

"केलता."

"मुलगाही तसाच तापट?"

आरोपीच्या पिंजऱ्यातून जिवा मान हलवून 'हो म्हण' असं खुणावत होता.

"तापट हाये. पन साहेब, माझा नवरा त्याच बापाचा पोऱ्या. त्यानं बैलावर पन कधी काठी नाय उगारली. जिवाला आमी कोनी आडवलाच नाय. आडवला असता तं थांबला असता."

वकिलांनी कागद खाली ठेवले. जिवाने आईकडे पाठ केली.

सकू येऊन बाकावर बसली. रंजनाने तिचा हात घट्ट धरला. सकूला तो सोडवून घ्यावासा वाटला. हिच्या पोटातल्या पोरासाठी तिने आपल्या पोटचं पोर देऊन टाकलं होतं.