चार-दहाचा दिवा

आमच्याकडे दुपारी जेवायला बसलं की आधी डबे उघडतात आणि मग तोंडं. तोंडं उघडली की विषय एकच, काल कोण कुठवर पोचलं. आम्ही कवळ्या बनवतो. दिवसभर लोकांचे दात हातात असतात, त्यामुळे जेवताना दातांचं नाव काढायचं नाही, असा काकांचा नियम आहे. काका म्हणजे आमचे मुकादम. साठी उलटली तरी मोबाइलवर रंगीत गोळे फोडत बसतात आणि सांगताना असे सांगतात की जणू किल्ला जिंकून आलेत. साचेवाला प्लास्टरचे साचे ओततो आणि घरी जाऊन बंदुकांचा गेम खेळतो. त्याची रोज तीच रड, की बरोबरचे भिडू बिनकामाचे आहेत. पॉलिशवाली आमच्यात लहान, तिला गाड्यांच्या शर्यतीचं वेड. "वळणावर ब्रेकला हातच लावायचा नाही, ताई," असं मला शिकवते, आणि स्वतः सायकलवरसुद्धा बसत नाही.

टेबलावरचा चौथा माणूस माझा धाकटा भाऊ. पाचवी मी, मेणात दात बसवणारी. मी खेळत नव्हते. हे सगळं मला रिकामटेकड्यांचं काम वाटायचं आणि मी तसं तोंडावर म्हणायचे. माझा राग नाकावर असतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

भावाला सगळे 'सावकाश' म्हणायचे. एकेक दात घासायला तास लावायचा आणि एकेक गेम महिनोन्‌महिने पुरवायचा. शेवटचा गेम म्हणजे तर कमालच होती. नुसती दलदल, धुकं, आणि वाटेवर विझलेले दिवे. काठी आणि तेलाचा डबा घेऊन एक म्हातारा चालतो आणि दिवे लावतो. संपलं.

"आज काय केलंस?" काका विचारायचे.

"एका दिव्यापाशी बसून होतो. लांब धुक्यात कोणीतरी उभं असतं. पुढे येत नाही. उजेडात पाऊलच टाकत नाही. नुसतं उभं राहतं."

"मग घाल की गोळी!" साचेवाला.

"गोळ्या नाहीतच त्यात."

"मग कसला रे हा गेम? ही तर शिक्षा झाली!" असं मी म्हणायचे आणि सगळे हसायचे. तोही हसायचा.

टेबलाचा दुसरा नियम म्हणजे पुढचं फोडायचं नाही. जो पुढे गेलाय त्याने गप्प बसायचं आणि मागच्याचं ऐकायचं. त्यामुळे त्याचा तो रेंगाळणारा म्हातारा आम्ही सगळे मन लावून ऐकायचो.

मी त्याच्या खोलीवर गेले की तो म्हणायचा, "ताई, एक मिनिट, दिवा येऊ दे." दिव्याशिवाय बंद केलं तर म्हणे केलेली वाट वाया जाते, पुन्हा मागच्या दिव्यापासून चालावं लागतं. मी दारातच तोंडाचा पट्टा सुरू करायचे. शेवटी त्याने सवय लावून घेतली. मी येणार म्हटलं की माझ्या वेळेचा हिशेब धरून आधीच दिवा लावायचा, गेमच्या यंत्राचा पडदा बंद करायचा आणि हात झटकून सांगायचा, "बघ, बंद. आता बोल किती बोलायचं ते."

त्या मंगळवारी तो कामावर आला नव्हता. बाराच्या सुमाराला त्याचा फोन आला. याआधी दोनदा नवा गेम आला म्हणून त्याने आजारपणाची थाप मारली होती आणि काकांपुढे मी ती निभावून नेली होती. मी चिडलेलीच होते.

"नवा गेम आला की तुझी तब्येत बरी बिघडते!"

"तसं नाही गं. छातीवर दडपल्यासारखं होतंय. येशील का?"

"चहाच्या सुट्टीत निघते," म्हणाले आणि फोन आपटला.

चहाची सुट्टी साडेतीनला होते. इथून त्याच्या खोलीपर्यंत बस आणि थोडं चालणं मिळून चाळीस मिनिटं. पण साडेतीनला एक खालची कवळी परत आली. सगळे दात उपटून पुन्हा मांडायचे होते. माझं डोकं फिरलं. म्हटलं बसू दे त्याला, खेळतच तर बसला असेल. मी चहा घेतला, कवळी पुरी केली आणि सहाला निघाले.

सहा-चाळीसला माझ्या किल्लीने दार उघडलं. यंत्राचा पडदा काळा होता. खुर्ची खिडकीकडे फिरवलेली, आणि तो तिच्यात, मान एका बाजूला. हात लावल्यावर कळलं. हवा लागावी म्हणून खुर्ची फिरवली असेल, एवढंच तेव्हा डोक्यात आलं.

गल्लीतल्या डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुमच्याशी बोलले, त्यानंतर थोड्याच वेळात. एका झटक्यात. तुम्ही धावत आला असतात तरी हाती काही लागलं नसतं." हे वाक्य मी घट्ट धरून ठेवलं. झोप येईना की तेच म्हणायचं, घास उतरेना की तेच म्हणायचं.

टेबलावर पुढे दोन महिने फक्त डब्यांचा आवाज. काकांनी गोळ्यांचं नाव काढलं नाही, साचेवाल्याने भिडूंना शिव्या घातल्या नाहीत. तिघं मूग गिळून जेवायचे आणि चोरून माझ्याकडे बघायचे. मला ते सहन होईना. त्याच सुमाराला मी माझी खोली सोडून त्याच्या खोलीत राहायला गेले होते. ती मोठी आहे, उजेडाची आहे, असं मी लोकांना सांगते. त्याचं यंत्र चादरीत गुंडाळून कपाटात ठेवलं होतं. एका रविवारी दुपारी ते काढलं, तारा जोडल्या आणि लावलं. म्हटलं, तो सांगायचा तसं मी सांगेन, निदान टेबल तरी बोलतं होईल.

पडद्यावर एकच ओळ आली. शेवटचा दिवा. खाली तारीख, त्या मंगळवारची. आणि वेळ, चार वाजून दहा मिनिटं.

मी चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. चार-दहाच होते.

दुसऱ्या दिवशी डबा उघडायच्या आधीच मी विचारलं, "काय रे, हे गेम आपोआपसुद्धा नोंद करतात का? कोणी हात न लावता? म्हणजे माणूस उठून गेला, यंत्र नुसतं चालू राहिलं, तर?"

साचेवाला काकांकडे बघायला लागला. काका म्हणाले, "करतात की. हल्लीची यंत्रं काय, सगळं आपोआप करतात."

"सगळं आपोआप," साचेवाला म्हणाला. पॉलिशवाली डब्यात बघत राहिली.

माझा जीव भांड्यात पडला. त्या संध्याकाळी मी म्हाताऱ्याला पहिल्यांदा चालवलं. दिव्यापासून निघायचं, वेताच्या बेटाला वळसा घालायचा, पाण्यातली बुडालेली होडी ओलांडायची की एक लाकडी पूल लागतो. पूल कुरकुरतो. पलीकडे दुसरा दिवा आहे, विझलेला. मी जवळ गेले, बटण दाबलं. म्हाताऱ्याने तेल ओतलं, वात वर काढली, काडी ओढली. मी बोट उचललं तशी ज्योत विझली. पुन्हा दाबलं. मनात मोजायला लागले. एक, दोन, तीन. बोट दाबून धरलं तरच ज्योत तग धरते. पाचाला मी बोट काढलं आणि ती पुन्हा विझली.

हा दिवा आपोआप लागणं शक्यच नव्हतं. कोणीतरी बोट दाबून धरावं लागतं, ज्योत स्थिर होईपर्यंत. चार-दहाला त्याने दाबून धरलं होतं. साडेतीन आणि चाळीस मिनिटं. ताई सुट्टीत निघाली असेल, आता पोचेल, म्हणून त्याने दिवा लावला होता आणि बंद करून बसला होता.

मी दुसरा दिवा लावला नाही. त्या गेममध्ये नोंद एकाच दिव्याची राहते. नवा दिवा लावला की जुना पुसला जातो, आणि त्याचे चार-दहा गेले असते. मी तसंच यंत्र बंद केलं. दुसऱ्या दिवशी म्हातारा पुन्हा त्याच दिव्यापाशी उभा. तिसऱ्या दिवशीही. मी रोज कामावरून येऊन त्याला पुलापर्यंत नेते आणि बंद करते.

आणि रोज जेवताना सांगते. "काल होडी ओलांडली. पूल लागला. धुक्यात कोणीतरी उभं होतं."

"पुढे आलं का?" काका विचारतात.

"नाही हो. नुसतं उभं."

"आणि पूल? कुरकुरतो म्हणतेस?" हे साचेवाला विचारतो, ज्याला एक गोष्ट दुसऱ्यांदा ऐकायचा धीर नाही. पाच महिने मी त्यांना तोच पूल सांगितला. कोणी एकदाही म्हणालं नाही, की बाई, हे काल सांगून झालं.

परवा मात्र पॉलिशवालीचा बांध फुटला. मी होडीपर्यंत आले होते, तेवढ्यात तिने चमचा खाली ठेवला. "ताई, मीही तो गेम आणलाय. तुम्ही विचारलंत त्याच आठवड्यात आणला. तो दिवा आपोआप लागत नाही." आणि रडायला लागली.

"मला माहीत आहे," मी म्हणाले. मग काकांकडे वळले. "आणि तुम्हाला?"

"त्याच संध्याकाळी साचेवाल्याने चौकशी करून सांगितलं मला."

मग मात्र मी भडकले. "लाज नाही वाटली? वय काय तुमचं, आणि माझ्या तोंडावर खोटं बोलता? मी काय कुक्कुलं बाळ आहे? पाच महिने तुम्ही तिघं माझं नाटक बघत बसलात!"

काका शांतपणे म्हणाले, "ज्या तोंडाने तू विचारलंस ना, त्या तोंडाला नाही म्हणवेना मला."

डॉक्टरांनीही माझं तोंड बघूनच ते वाक्य सांगितलं असणार, हे मला तेव्हा कळलं. आणि मग जे कोणालाच सांगितलं नव्हतं ते मी सांगून टाकलं. "त्याने मला बोलावलं होतं. चहाच्या सुट्टीत निघते म्हणाले होते मी. त्या दिवशी साडेतीनला मी कुठे होते, आठवतंय? इथे. या खुर्चीत. तुमच्याबरोबर चहा प्यायले. साचेवाल्याने काहीतरी विनोद केला आणि मी हसले."

साचेवाल्याने माझ्या डब्याचं झाकण हळूच लावून ठेवलं.

साडेतीनला चहा आला. मी मेणाची सुरी हातात धरून बसून होते. काका माझी पिशवी घेऊन आले आणि समोर ठेवली.

"जा."

"आता जाऊन काय उपयोग, काका?"

"उपयोग काही नाही. जा."

मी निघाले. बस लगेच मिळाली. कुठे थांबले नाही, कुठे रेंगाळले नाही. जिना चढून दार उघडलं तेव्हा चार वाजून दहा झाले होते. कामाच्या दिवशी त्या वेळेला मी त्या खोलीत कधीच आले नव्हते. येते ती संध्याकाळी, दिवा लावते, पडदे ओढते. आता ऊन थेट आत आलं होतं, टेबलावरची धूळसुद्धा दिसत होती.

यंत्र लावलं नाही. खुर्ची ओढली आणि त्या दिवशी होती तशी फिरवली, खिडकीकडे. बसले.

हवेसाठी फिरवली असेल, असं मी सात महिने म्हणत होते. पण ती खिडकी उघडतच नाही. रंग देणाऱ्याने फटी रंगाने बुजवून टाकल्यात, कित्येक वर्षं ती तशीच आहे. पाच महिने मी तिथे राहते, मला हे माहीत होतं. काचेतून समोरची पाण्याची टाकी दिसते, दोन इमारतींमधली फट दिसते, आणि त्या फटीत बसचा थांबा आणि आमच्या गल्लीचं वळण. एवढंच दिसतं. दुसरं बघण्यासारखं तिथे काही नाही.

बस आली. एक बाई उतरली, खांद्याला पिशवी, चाल घाईची. वळणापर्यंत ती मी असू शकत होते. वळण आल्यावर ती दुसरीकडे गेली. मग पुढची बस आली. पुन्हा कोणीतरी बाई. मी पाऊल बघायचे, पदर बघायचे, आणि दर वेळी छातीत काहीतरी वर यायचं आणि खाली बसायचं. मला ओरडावंसं वाटत होतं, की अगं बाई, वळ ना इकडे, तो वर बसलाय.

पाच वाजले. साडेपाच झाले. टाकीवरचं ऊन सरकत सरकत भिंतीवर गेलं. पाय आखडले, घसा कोरडा पडला, पाणी चार पावलांवर होतं. सहा वाजून गेले, वळण दिसेनासं झालं, तरी मी उठले नाही. तो तरी कुठे उठला होता.