आमसुलांच्या वासाची कार्डे

मी एक जुना, पत्र्याचा, चौकोनी डबा आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. माझ्या झाकणावरचे सोनेरी उंट आता अर्धेच उरले असले, तरी एके काळी मी खजुरांनी गच्च भरून, रिबीन बांधून, मोठ्या थाटात आलो होतो. आखातात, अल क्वोजमधल्या एका टाइल्सच्या गोदामात दर ईदला सगळ्यांना असा डबा मिळायचा. तिथले स्टोअरकीपर चंद्रहासराव यांनी मला करामातल्या आपल्या घरी आणले. खजूर दोन दिवसांत फस्त झाले. मग त्यांच्या पत्नी कमलिनीताईंनी माझ्यात आमसुले भरली आणि तो आंबट वास माझ्या अंगाला जो चिकटला, तो आजतागायत.

माझे नशीब उघडले ते 2001 साली. त्यांची मुलगी उर्वी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. ‘बेरोजगारी आणि तिचे सामाजिक परिणाम’ हा तिचा प्रकल्प होता. तिच्या शहनाझ मॅडम भारी कडक. वर्तमानपत्राचे कात्रण चालणार नाही, कुणीतरी सांगितले हे तर मुळीच नाही. अभ्यासकांचे लेख वाचायचे, एका कार्डावर एकच मुद्दा लिहायचा आणि खाली लेखक, साल, पान. संदर्भ नसलेले कार्ड डब्यात जाणार नाही, असे उर्वीने माझ्या झाकणावर चिकटवूनच टाकले. आमसुले बरणीत गेली आणि मी विद्वान झालो. थोडा शेफारलोही, खोटे कशाला सांगू?

त्याच हिवाळ्यात ते गोदाम बंद झाले. तिकडे नोकरी गेली की व्हिसाही जातो. तीस दिवसांत नवी नोकरी मिळवायची, नाहीतर बिऱ्हाड उचलून भारतात परत. म्हणजे उर्वीचे शिक्षणही अर्ध्यावरच राहणार.

चंद्रहासराव घरी बसले. हात रिकामे राहू नयेत म्हणून ते उर्वीची कार्डे उतरवून देऊ लागले. गोदामात प्रत्येक मालाला एक कार्ड असते, काय आले, काय गेले, किती उरले. चौदा वर्षे तेच केलेला हात तो. अक्षर कसे छापल्यासारखे! त्यांनी पुठ्ठ्याचे कप्पे करून मला नीट लावले, चुकीच्या जागी पडलेली तीन कार्डेही शोधून काढली. पण बोलत मात्र नसत. शुक्रवारी ओळखीच्यांकडे जेवायला जाणे बंद झाले. फोन वाजला की उर्वीला खूण करायची, आणि तिने सांगायचे, “पप्पा बाहेर गेलेत.” गोदामाचा ड्रायव्हर हारुन चारदा फोन करून थकला.

मला त्यांचा राग यायचा. नोकरी गेलेला माणूस आधी ओळखीच्यांना टाळतो, हे कार्ड माझ्याच पोटात होते, त्यांच्याच अक्षरात! उर्वीनेही ते वाचले होते. पण लेखातला माणूस आपल्याच स्वयंपाकघरात बसला आहे, हे काही त्या हुशार पोरीच्या ध्यानात येईना.

बाराव्या दिवशी तिला एक नवे कार्ड सापडले. त्यावर लिहिले होते, ‘माणूस फोन घेत नाही, कारण कसं चाललंय असं कुणी विचारलं, तर काय सांगायचं ते त्याचं ठरलेलं नसतं.’ खाली जागा कोरी.

“पप्पा, धिस वन हॅज नो सोर्स. कुठल्या आर्टिकलमधलं आहे?”

“नाही ना सोर्स? मग काढून टाक. नियम म्हणजे नियम,” ते भांडी पुसत म्हणाले. मागे काही वळले नाहीत.

उर्वीने कार्ड पुन्हा वाचले आणि ते वाक्य कुणाचे, हे तिच्या ध्यानात आले. मग तिने पेन उघडले आणि खाली लिहिले, ‘चंद्रहास, 2001, आमचं स्वयंपाकघर.’ कार्ड माझ्यात ठेवले आणि फोन ओढून त्यांच्यासमोर आणला.

“आय ॲम सॉरी, पप्पा. मी विचारायला हवं होतं. हारुन अंकलना फोन करा ना.”

त्यांनी केला. हारुनचा आवाज एवढा मोठा, की मलाही ऐकू आला. “हबीबी, कहाँ थे? रास अल खोर की मंडी में स्टोअरकीपर चाहिए. सेठ कल तक ही रुकेगा. यल्ला, चलो, सुबह आ जाओ!”

ते सकाळीच तिकडे गेले. नोकरी मिळाली, व्हिसा सव्विसाव्या दिवशी हातात पडला. शहनाझ मॅडमनी त्या कार्डाला ‘मुलाखत’ म्हणून मान्यता दिली, पण आधी चंद्रहासरावांची लेखी परवानगी मागितली. आणि कार्डांना आमसुलांचा वास का येतो, हेही विचारले.

पुढे कॉम्प्युटर आला. माझी रवानगी बाल्कनीत झाली आणि दोन वर्षे मी गंजके खिळे सांभाळले. वाईट वाटले, फार वाटले. शेवटी चंद्रहासरावांनीच मला पुसून फोनशेजारी ठेवले. पोटात आता ते एकच कार्ड आहे.

मित्रांनो, जुन्या डब्याला जपा, त्याच्या पोटात काय असेल सांगता येत नाही. आणि घरातले कुणी गप्प झाले, तर पुस्तक मिटून त्याच्याजवळ जाऊन बसा. ओळखीतल्या कुणाची नोकरी गेल्याचे कळले, की चंद्रहासराव आता स्वतः फोन लावतात. कसं चाललंय, असे ते कधीच विचारत नाहीत. शुक्रवारी जेवायला किती वाजता येताय, एवढेच विचारतात.